डोळ्यांच्या दुखापती जगभर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात दर वर्षी किती जणांच्या डोळ्यांना दुखापत होते?

या प्रश्नाचे जे उत्तर आजही बहुतेक ठिकाणी दिले जाते, ते १९९८ साली नेग्रेल आणि थायलेफोर्स या दोन अभ्यासकांनी उपलब्ध संशोधन आणि जागतिक आरोग्य संघटनेकडील माहिती यांच्या आधारे मांडलेल्या अंदाजातून आलेले आहे. त्यानुसार एका दिवसापेक्षा अधिक काळ कामकाजात अडथळा येईल अशा दुखापती दर वर्षी सुमारे ५ कोटी ५० लाख होतात. त्यांपैकी सुमारे साडेसात लाख रुग्णांना रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि सुमारे दोन लाख जणांचा डोळा प्रत्यक्ष फुटलेला किंवा आरपार चिरलेला असतो. दुखापतीमुळे दोन्ही डोळ्यांनी अंध झालेल्यांची संख्या त्यांनी १६ लाख आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टी अधू झालेल्यांची २३ लाख धरली होती. मात्र ज्यांचा एक डोळा गेला किंवा अधू झाला, अशांची संख्या जवळजवळ १ कोटी ९० लाख होती.

हा अंदाज पाव शतकाहून जुना आहे आणि त्यानंतर लोकसंख्या, वाहने व यंत्रे सर्वच वाढली आहेत, हे लक्षात ठेवून तो वाचावा. तरीही त्यातील आकड्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण बोलके आहे. दुखापत सहसा एकच डोळा नेते, आणि पुढचे बरेचसे प्रश्न याच गोष्टीतून निर्माण होतात.

मग अंधत्वाच्या कारणांच्या यादीत दुखापत इतकी खाली का दिसते?

याचे कारण अंधत्व मोजण्याच्या पद्धतीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार एखाद्याला अंध ठरवताना त्याच्या दोन डोळ्यांपैकी जो अधिक चांगला असेल त्याची दृष्टी पाहिली जाते. ती ३/६० पेक्षा कमी असेल, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे तीन मीटरवरूनही दिसत नसेल, तरच ती व्यक्ती अंध गणली जाते. मोतीबिंदू आणि काचबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांना होतात, त्यामुळे ते या मोजणीत येतात. तारेच्या टोकाने एक डोळा गमावलेला आणि दुसरा डोळा शाबूत असलेला कामगार मात्र या हिशेबात निरोगी ठरतो.

व्याख्येचा हेतू योग्य आहे, कारण ती माणसाच्या रोजच्या हालचालीच्या क्षमतेशी जोडलेली आहे. पण निधी आणि कार्यक्रम ज्या आकड्यांवर ठरतात ते आकडेच जर एका डोळ्याचे अंधत्व पाहत नसतील, तर ते रोखण्यासाठीचे काम मागे पडणार हे उघड आहे. जगभर एका डोळ्याच्या अंधत्वाच्या प्रमुख कारणांत दुखापतीची गणना होते, आणि त्यातील बरेचसे टाळता येण्याजोगे असते.

काही पाहण्यांत श्रीमंत देशांतच दुखापतींचे प्रमाण जास्त दिसते. हे खरे मानावे का?

आकडे खरे आहेत, पण त्यांतून तसा निष्कर्ष काढता येत नाही. अमेरिकेतील बॉल्टिमोरच्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी डोळ्याला मार लागल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १४.४ टक्के होते, विस्कॉन्सिनमधील बीव्हर डॅमच्या पाहणीत ते १९.८ टक्के भरले, आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये २१ टक्क्यांच्या आसपास. याउलट दक्षिण भारतातील पाहण्यांत हैदराबाद शहरात सुमारे ४ टक्के, आंध्र प्रदेशच्या ग्रामीण भागात ७.५ टक्के आणि तमिळनाडूच्या ग्रामीण भागात ४.५ टक्के लोकांनी दुखापत झाल्याचे सांगितले.

या पाहण्यांत विचारलेला प्रश्न सगळीकडे सारखा नव्हता, सहभागी लोकांचे वयोगट निराळे होते आणि सारी भिस्त आठवणीवर होती. जेथे डोळ्यात कचरा गेला तरी डॉक्टरांकडे जाण्याची सोय आहे, तेथे ती घटना ‘दुखापत’ म्हणून लक्षात राहते. जेथे आठवड्यातून दोनदा डोळ्यात काहीतरी जाते आणि माणूस पाणी मारून पुन्हा कामाला लागतो, तेथे ती सांगावी असे त्याला वाटतच नाही. म्हणून दुखापतींची संख्या ताडून पाहण्यापेक्षा त्यांतील किती डोळे आंधळे झाले हे ताडून पाहणे अधिक उपयोगाचे आहे. देशादेशांतील खरा फरक तेथे दिसतो.

या दुखापती मुख्यतः कोणाला होतात?

गंभीर दुखापत झालेल्या पाच जणांपैकी साधारण चार पुरुष असतात, आणि हे प्रमाण जवळजवळ प्रत्येक देशात थोड्याफार फरकाने असेच आढळते. तरुण वयात कारखाना, बांधकाम, शेती, वाहन आणि मारामारी ही कारणे पुढे असतात. उतारवयात पडण्यामुळे होणाऱ्या दुखापतींचा दुसरा उंचवटा दिसतो, आणि त्यात स्त्रियांची संख्या वाढते. पूर्वी मोतीबिंदूची मोठी शस्त्रक्रिया झालेला डोळा पडल्यावर त्याच जुन्या छेदाच्या रेषेवर उसवतो, हे अशा रुग्णांत वारंवार घडते.

ठिकाणे मात्र बदलतात. स्कॉटलंडमधील १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या अभ्यासात गंभीर दुखापतीचे सर्वांत नेहमीचे ठिकाण घर हे निघाले, कारण तोवर तेथील कारखान्यांत डोळ्यांच्या संरक्षणाचे नियम रुजले होते. त्या वेळी दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ८ जणांना अशा दुखापतीसाठी रुग्णालयात दाखल करावे लागत असे. २००९ च्या सुमाराच्या पाहणीत हा आकडा सुमारे २ वर आला. दाखल करून घेण्याची पद्धत बदलल्याचा काही वाटा या घसरणीत असू शकेल, तरी एवढी मोठी घट केवळ त्यामुळे झाली असे म्हणणे कठीण आहे.

डॉक्टर ‘उघडी’ आणि ‘बंद’ दुखापत म्हणतात, त्याचा अर्थ काय?

डोळ्याच्या गोळ्याची भिंत, म्हणजे पुढचे पारदर्शक पारपटल आणि मागचे पांढरे श्वेतपटल, पूर्ण जाडीने फाटली असेल तर ती उघडी दुखापत. तसे नसेल तर बंद. बोथट वस्तूच्या दाबाने आतून फुटलेला डोळा आणि धारदार वस्तूने बाहेरून चिरलेला डोळा हेही वेगळे धरले जातात, कारण फुटलेल्या डोळ्याचे भवितव्य सहसा अधिक वाईट असते. ही परिभाषा फेरेन्क कुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहराच्या नावाने ती ओळखली जाते. त्याआधी एकाच शब्दाने दोन देशांतले डॉक्टर दोन वेगळ्या जखमा सांगत, आणि निष्कर्षांची तुलना जवळपास अशक्य होती.

दृष्टी किती परत येईल हे सुरुवातीलाच सांगता येते का?

बऱ्याच अंशी सांगता येते. याच गटाने २००२ साली एक गुणपद्धती मांडली. पहिल्या तपासणीत रुग्णाला जेवढे दिसते त्यानुसार ६० ते १०० गुण दिले जातात आणि मग प्रत्येक वाईट लक्षणासाठी गुण वजा केले जातात : डोळा फुटलेला असल्यास २३, आत जंतुसंसर्ग झाल्यास १७, जखम आरपार गेलेली असल्यास १४, डोळ्याच्या आत मागे असलेला पडदा (दृष्टिपटल) सरकला असल्यास ११ आणि बाहुलीची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया बिघडली असल्यास १०.

समजा, एका रुग्णाला प्रकाशही जाणवत नाही आणि त्याचा डोळा बोथट माराने फुटलेला आहे. त्याचे ६० वजा २३ म्हणजे ३७ गुण होतात आणि तो सर्वांत खालच्या गटात येतो, जेथे सुमारे तीन चतुर्थांश डोळे कायमचे अंधारात राहतात. सर्वांत वरच्या गटात दहापैकी नऊ डोळ्यांना चांगली दृष्टी परत मिळते. ही पद्धत साधी आहे, यंत्रांवर अवलंबून नाही आणि म्हणून लहान रुग्णालयातही वापरता येते. तिची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यावी : ती वेळेवर आणि पुरेसे उपचार मिळालेल्या रुग्णांच्या नोंदींवर उभी आहे. जेथे रुग्ण चार दिवसांनी पोहोचतो, तेथे तिचे भाकीत आशादायक ठरण्याची भीती असते.

सारख्याच जखमेचा शेवट दोन ठिकाणी इतका वेगळा का होतो?

एकच जखम घेऊन पाहू. छिन्नीचे डोके हातोड्याचे घाव खाऊन खाऊन कडेने पसरते, आणि एखाद्या घावाला त्या पसरलेल्या कडेचा बारीक कपचा उडून डोळ्यात शिरतो. त्या क्षणी चटका बसल्यासारखे वाटते, थोडे पाणी येते, नंतर डोळा जरासा लाल दिसतो आणि दृष्टीही बरी असते. पारपटलावरचे छिद्र इतके लहान असते की आरशात पाहून ते ओळखू येत नाही. लोखंडाचा तुकडा मात्र आत, बहुधा पडद्यावर जाऊन बसलेला असतो.

जेथे कामाच्या जागी अशा घटनेची नोंद करणे सक्तीचे आहे, तेथे हा माणूस त्याच दिवशी तपासला जातो, एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये तुकडा दिसतो आणि तो काढला जातो. (एमआरआय अशा वेळी करत नाहीत, चुंबकीय क्षेत्रात लोखंड डोळ्यातच हलते.) जेथे मजुरी बुडण्याची भीती आहे, तेथे तो दुसऱ्या दिवशीही कामावर जातो. तुकड्याबरोबर आत गेलेले जंतू एक-दोन दिवसांत वाढून सगळा डोळा पुवाने भरू शकतो. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात आत तुकडा राहिलेल्या डोळ्यांपैकी चोवीस तासांच्या आत शिवलेल्यांत हा संसर्ग ३.५ टक्के होता, तर उशीर झालेल्यांत १३.४ टक्के. संसर्ग टळला तरी लोखंड महिनोन्‌महिने आत गंजत राहते, त्याचे कण पडद्यात झिरपतात आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी विसरलेल्या दुखापतीचा डोळा हळूहळू मंद होत जातो.

यापुढे प्रश्न येतो तो हातांचा. २०१५ च्या आकडेवारीनुसार १९४ देशांत मिळून सुमारे २ लाख ३३ हजार नेत्रतज्ज्ञ होते. उच्च उत्पन्नाच्या देशांत दर दहा लाख लोकांमागे सरासरी ७६, तर कमी उत्पन्नाच्या देशांत ४ पेक्षाही कमी. यांतही बहुसंख्य तज्ज्ञ मोठ्या शहरांत असतात, आणि पडद्याची शस्त्रक्रिया करणारे त्याहून मोजके. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डोळ्यातला गढूळ झालेला काचद्रव बारीक छिद्रांतून काढण्याची शस्त्रक्रिया विकसित केली आणि त्यानंतर पूर्वी हमखास जाणारे अनेक डोळे वाचू लागले. परंतु त्यासाठी लागणारे यंत्र, ते चालवणारे हात आणि वारंवार तपासणीला येऊ शकणारा रुग्ण हे तिन्ही एकत्र यावे लागतात. पुष्कळ ठिकाणी जखम शिवली जाते, पण दहा-पंधरा दिवसांनी करायची दुसरी शस्त्रक्रिया होतच नाही. माझ्या मते जगातील विषमतेचा सर्वांत मोठा वाटा याच दुसऱ्या टप्प्यात आहे, आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

लहान मुलांचे परिणाम वेगळे असतात का?

होय. सात-आठ वर्षांखालील मुलाचा मेंदू पाहणे अजून शिकत असतो. जखम उत्तम भरली, पण भिंग काढावे लागल्यानंतर योग्य चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स मिळाली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो आणि डोळा ‘आळशी’ होतो. चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधून अधू डोळ्याला काम द्यावे लागते, आणि हे महिनोन्‌महिने चालते. म्हणून मुलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेइतकेच पुढच्या वर्षभरातील पालकांच्या फेऱ्यांना महत्त्व असते.

शेतात काम करताना डोळ्याला कुसळ किंवा पात लागली, तर एवढ्याशा ओरखड्याने डोळा जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, आणि उष्ण, दमट प्रदेशांत हे फार मोठ्या प्रमाणावर घडते. ओरखडा स्वतः किरकोळ असतो. पारपटलाचा वरचा थर एक-दोन दिवसांत भरून येतो. पण पाने, कुसळे, भुसा आणि माती यांच्यावर बुरशीचे बीजाणू असतात, आणि ओरखड्यातून ते आत शिरले तर पारपटलावर व्रण होतो. व्रण बरा झाला तरी मागे पांढरा डाग उरतो, ज्याला आपण डोळ्यात फूल पडले असे म्हणतो, आणि तो डाग बाहुलीसमोर असेल तर दृष्टी जाते.

प्रदेशागणिक फरक किती असतो, हे दोन पाहण्यांतून स्पष्ट होते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ओल्मस्टेड परगण्यात पारपटलाच्या व्रणाचे प्रमाण दर लाखामागे वर्षाला ११ होते. तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात १९९३ च्या सुमारास ते ११३ आढळले. श्रीमंत देशांत असे व्रण पुष्कळदा कॉन्टॅक्ट लेन्सच्या निष्काळजी वापराने होतात, शेतीप्रधान देशांत ते ओरखड्यातून होतात. जगभरात बुरशीजन्य व्रणाचे वर्षाला दहा लाखांहून अधिक रुग्ण होत असावेत असा २०२१ चा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुसंख्य आशिया व आफ्रिकेत आहेत.

नेपाळमधील भक्तपूर येथे १९९० च्या दशकात झालेले काम या संदर्भात आवर्जून सांगण्यासारखे आहे. तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ओरखडा ओळखण्याचे प्रशिक्षण देण्यात आले आणि दुखापत झालेल्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे एक टक्क्याचे साधे मलम तीन दिवस देण्यात आले. ओरखडा निश्चित झालेल्या ४४२ जणांपैकी ४२४ जणांची जखम संसर्गाविना भरली, आणि अठरा तासांच्या आत मलम मिळालेल्या कोणालाही व्रण झाला नाही. त्यानंतर नेपाळमध्येच अधिक काटेकोर पद्धतीने, काही गावांत कार्यकर्ते नेमून आणि काही गावांत न नेमता, मोठी चाचणी घेण्यात आली; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत दोन्ही प्रकारच्या गावांतील व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. दोन्ही गटांत व्रण अपेक्षेपेक्षा मुळातच कमी होते. याचा अर्थ मलम निरुपयोगी आहे असा होत नाही; पण गावात कार्यकर्ता नेमला की व्रण आपोआप घटतील, हे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

बुरशीवर नेमके औषध आहे. नॅटामायसिनचे थेंब २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, तरी अनेक देशांत ते सहज मिळत नाहीत. त्याऐवजी हाताशी असतात ते स्टेरॉइडचे थेंब. त्यांनी लाली आणि वेदना झटकन कमी होते, रुग्णाला बरे वाटते आणि बुरशीला मात्र मोकळे रान मिळते. पाल्याचा रस, दूध, मध किंवा लाळ डोळ्यात घालण्याचे घरगुती उपायही जगाच्या अनेक भागांत आहेत. आफ्रिकेतील मलावी आणि टांझानिया येथील रुग्णालयीन अभ्यासांत पारपटलाच्या आजाराने आलेल्या तीन-चार रुग्णांपैकी एकाने असा उपाय आधी केलेला होता. असे उपाय करणाऱ्यांना दोष देण्याआधी जवळचा दवाखाना किती कोसांवर आहे, ते विचारले पाहिजे.

चुना, ॲसिड किंवा साफसफाईचे रसायन डोळ्यात गेल्यास काय फरक पडतो?

आम्लापेक्षा अल्क, म्हणजे चुना, कॉस्टिक सोडा, अमोनिया यांसारखे पदार्थ, अधिक घातक असतात. आम्ल पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते आणि त्यामुळे स्वतःचाच पुढचा मार्ग काही अंशी अडवते. अल्क पेशींच्या आवरणातील मेद विरघळवत खोल शिरत राहते. परिणाम ठरतो तो पहिल्या काही मिनिटांत. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने, पापण्या उघड्या धरून, किमान पंधरा ते तीस मिनिटे डोळा धुवत राहावे आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. चुन्याचे कण पापणीच्या आत चिकटून राहतात, ते काढावे लागतात. प्रयोगशाळांत डोळे धुण्याचे नळ बसवणे अनेक देशांत नियमाने बंधनकारक आहे. ज्या लहान कारखान्यात पिण्याचे पाणीही पुरेसे नाही, तेथे हाच अपघात अंधत्व देऊन जातो.

हेतुपुरस्सर केलेले ॲसिडहल्ले ही वेगळी बाब आहे. बांगलादेशात २००२ साली ॲसिडच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा आणि हल्ल्याला कठोर शिक्षा ठरवणारा असे दोन कायदे झाले. त्या वर्षी सुमारे पाचशेच्या घरात असलेली हल्ल्यांची संख्या पुढील दशकात सातत्याने घटत गेली.

फटाक्यांवरील निर्बंधांनी खरोखर फरक पडतो का?

पडतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, जेथे सामान्य नागरिकांना फटाके विकण्यावर कडक निर्बंध आहेत तेथे फटाक्यांमुळे होणाऱ्या नेत्रदुखापतींचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच आढाव्यातील दुसरी गोष्ट अधिक विचार करायला लावणारी आहे : जखमींपैकी जवळजवळ निम्मे लोक फटाका उडवणारे नव्हतेच, ते नुसते बाजूला उभे होते. ‘ज्याचा तो धोका पत्करतो’ हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

खेळांतील दुखापतींचे काय?

देशाचा आवडता खेळ कोणता, यावर तेथील डोळ्यांच्या दुखापतींचे स्वरूप ठरते. मलेशियात बॅडमिंटनचे फूल हे मोठे कारण आहे. आयर्लंडमध्ये हर्लिंगची लाकडी काठी आणि कठीण चेंडू, कॅनडात बर्फावरची हॉकी. स्क्वॉशचा चेंडू इतका लहान असतो की तो डोळ्याच्या खोबणीत सरळ बसतो आणि भोवतीच्या हाडांचे संरक्षण मिळतच नाही.

कॅनडात १९७० च्या दशकात नेत्रतज्ज्ञ टॉम पॅशबी यांनी हॉकीतील प्रत्येक नेत्रदुखापतीची देशभरातून नोंद ठेवायला सुरुवात केली, त्यावरून चेहऱ्याच्या जाळीचे मानक तयार झाले आणि लहान वयाच्या खेळाडूंना ती सक्तीची झाली. त्यानंतर डोळे जाण्याचे प्रकार जवळपास थांबले. आयर्लंडमध्ये २०१० पासून सर्व हर्लिंगपटूंना जाळीचे शिरस्त्राण बंधनकारक आहे. क्रिकेटमध्ये फलंदाज जाळी लावतो, पण स्टंपजवळ उभा राहणारा यष्टिरक्षक कित्येकदा लावत नसे. २०१२ च्या जुलैत टाँटन येथे उडालेली बेल डाव्या डोळ्यात शिरून दक्षिण आफ्रिकेच्या मार्क बाउचरची आंतरराष्ट्रीय कारकीर्द एका चेंडूत संपली, ती चेंडूच्या वेगाने नव्हे तर बोटभर लाकडाच्या तुकड्याने.

रस्ते अपघातांत डोळे वाचवण्याचा काही सिद्ध उपाय आहे का?

सीटबेल्ट. ब्रिटनमध्ये ३१ जानेवारी १९८३ पासून पुढच्या आसनांवर तो सक्तीचा झाला आणि पुढच्या काचेवर आदळून डोळा चिरण्याच्या घटना झपाट्याने कमी झाल्या; जोडकाचेच्या वापराने त्या आणखी घटल्या, कारण ती काच फुटली तरी मधल्या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहते. दुचाकी अधिक असलेल्या देशांत हेच काम पुढे काच असलेले पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट करते.

युद्ध आणि स्फोटांत डोळ्यांचे प्रमाण इतके जास्त का असते?

शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या तुलनेत डोळे अगदी नगण्य जागा व्यापतात, तरी आधुनिक युद्धांत जखमींपैकी दहा टक्क्यांहून अधिक सैनिकांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या नोंदी आहेत. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी यादवी युद्धात हे प्रमाण एक टक्क्यापेक्षाही कमी होते. सुरुंग आणि बॉम्ब यांतून उडणारे बारीक तुकडे चिलखतावर थांबतात, पण उघड्या डोळ्यात सहज शिरतात. सैनिकांना आता छर्‍यांना दाद न देणारे चष्मे मिळतात. नागरिकांना ते कोणी देत नाही. बेरूत बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी स्फोट झाला तेव्हा पहिला आवाज आणि धूर पाहण्यासाठी अनेक जण खिडकीशी गेलेले होते आणि त्यानंतरच्या प्रचंड स्फोटात काचा त्यांच्या चेहऱ्यावर आल्या. शेकडो जणांच्या डोळ्यांना इजा झाली. चिलीमध्ये २०१९ च्या आंदोलनांत पोलिसांनी झाडलेल्या रबरी व तत्सम गोळ्यांनी चारशेहून अधिक जणांच्या डोळ्यांना दुखापत झाल्याची नोंद तेथील राष्ट्रीय मानवाधिकार संस्थेने केली. ‘अघातक’ म्हटली जाणारी शस्त्रे डोळ्याच्या बाबतीत तशी नसतात.

शरीराच्या जडणघडणीमुळेही परिणामांत फरक पडतो का?

काही बाबतींत पडतो. बोथट माराने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात रक्त साचते, तेव्हा सिकलसेलचा (रक्तपेशींच्या एका आनुवंशिक दोषाचा) गुण असलेल्या व्यक्तीच्या विळ्याच्या आकाराच्या ताठ पेशी डोळ्यातील द्रवाच्या निचऱ्याच्या जाळीत अडकतात आणि डोळ्यातील दाब वाढतो. तोही एरवी सहन होणाऱ्या पातळीवर असतानाच नेत्रचेतेला, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला, इजा करतो. त्यामुळे हा गुण जेथे आढळतो अशा समाजांत असे रक्त दिसताच त्याची चाचणी करणे इष्ट ठरते.

दुसरा परिणाम फार उशिरा दिसतो. माराने निचऱ्याचा कोन फाटतो, डोळा वरकरणी बरा होतो आणि दहा-वीस वर्षांनी काचबिंदू होतो. दक्षिण आफ्रिकेतील मामरे या गावात सरसकट तपासणी केली असता १४.६ टक्के लोकांत असा फाटलेला कोन सापडला, आणि त्यांतील ५.५ टक्के जणांना काचबिंदू झालेला होता.

एका डोळ्याला मार लागला तर दुसराही जाऊ शकतो का?

क्वचित, पण हो. जखमी डोळ्यातील ऊतींविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि ती निरोगी डोळ्यावरही हल्ला करते. बहुतेक वेळा हे पहिल्या वर्षभरात घडते. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या खोगिरांच्या कारखान्यात आरीचे टोक त्यांच्या एका डोळ्यात गेले आणि पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांचे दोन्ही डोळे गेले. ते नेमके याच विकाराने गेले असावेत, असे अनेक जण मानतात. आज स्टेरॉइड आणि तत्सम औषधांनी हा विकार पुष्कळदा आटोक्यात येतो, पण त्यासाठी चांगल्या डोळ्यात आलेली लाली, प्रकाशाचा त्रास किंवा धूसरपणा रुग्णाने लगेच सांगितला पाहिजे.

दुखापत झाल्याबरोबर काय करावे आणि काय टाळावे?

रसायन असेल तर धुणे, हे वर आलेच आहे. डोळा फुटल्याची किंवा चिरल्याची शंका असेल तर मात्र तो धुऊ नये, चोळू नये, पुसू नये आणि त्यावर दाब देणारी पट्टी बांधू नये. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. कागदी पेल्याचा तळ किंवा तशी एखादी खोलगट वस्तू भोवतीच्या हाडांवर टेकेल अशी चिकटपट्टीने लावावी, म्हणजे डोळ्याला कशाचाही स्पर्श होणार नाही. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने काही खायला-प्यायला देऊ नये. मलम आणि थेंब घालू नयेत.

एक डोळा गेल्यावर माणूस पूर्वीसारखा वावरू शकतो का?

बहुतेक जण काही महिन्यांत सरावतात, विशेषतः तरुण. अंतराचा अंदाज, पेल्यात पाणी ओतणे, जिना उतरणे, बाजूने येणारे वाहन हेरणे या गोष्टी सुरुवातीला अवघड जातात. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्यात १ जुलै १९६१ रोजी होव्ह येथे मोटार अपघातात काच शिरली आणि त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. सहा महिन्यांच्या आत ते कसोटी खेळले आणि १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारताचे कर्णधार झाले. असे उदाहरण सगळ्यांना लागू करणे अन्यायाचे होईल. उंचीवर किंवा फिरत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचा रोजगारच जातो, आणि काही देशांत व्यावसायिक वाहनाचा परवानाही मिळत नाही.

अशा व्यक्तीने उरलेल्या डोळ्यासाठी, नंबर नसला तरी, पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कायम वापरावा, वर्षातून एकदा डोळ्यातील दाब तपासून घ्यावा आणि जखमी डोळा दुखत नसला तरी त्याचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी.